हातानें केलेलें नाताळ-कार्ड आणि त्यावरील तिकीट

डिसेंबर उजाडला म्हणजे लंडनमधील, बोस्टनमधील, तसेंच वसईच्या आणि वांद्र्याच्या कितीएक घरांतील जेवणाच्या मेजावर एक निराळाच पसारा दिसूं लागतो. जाड कागदाचे तुकडे, कात्री, डिंकाची बाटली, सोनेरी रंगाची कुपी, जुन्या कापडाच्या काठाची एखादी चिंधी आणि गढूळ पाण्याच्या पेल्यांत बुडविलेला कुंचला. बाजारांत छापील कार्डांचे ढीग पडलेले असतांना कोणीतरी हट्टानें नाताळचीं कार्डें घरींच करावयास बसलेलें असतें. एकेका कार्डावर तासच्या तास जातात. तारा पांच टोकांचा असावा कीं आठ टोकांचा, गव्हाणींतील बाळाचा चेहरा काढावा कीं नुसती प्रकाशाची रेघ दाखवावी, ह्यावर घरांत वाद होतात. मग तें कार्ड लिफाफ्यांत जातें, लिफाफा टपालकचेरींत जातो, आणि खिडकीपलीकडचा मनुष्य जें तिकीट पुढें करील तें कोपऱ्यांत चिकटविलें जातें. कार्ड तीन दिवसांत होतें, तिकीट तीन क्षणांत.

ह्यांत एक गोष्ट विसरली जाते. ज्याला तें पत्र जावयाचें असतें त्याच्या हातीं प्रथम कार्ड पडत नाहीं, लिफाफा पडतो. आणि लिफाफ्यावर अक्षर व तिकीट ह्यांवांचून पाहण्यासारखें दुसरें फारसें कांहीं नसतें. अक्षर पाठविणाऱ्याचें असतें. तिकीट मात्र सरकारी छापखान्यांतून आलेलें असतें. त्या सगळ्या वस्तूंत तेवढीच एक वस्तु घरची नव्हे. म्हणूनच ती निवडावी लागते, आणि निवडणाऱ्यास तिच्या मागचा थोडा इतिहास ठाऊक असला तर बरें.

नाताळचें कार्ड हें मूळचें टपालाचेंच अपत्य आहे. १८४० सालीं इंग्लंडांत रोलंड हिल ह्यांच्या खटपटीनें एका पेनींत देशभर कोठेंहि पत्र पाठविण्याची सोय झाली आणि चिकटवावयाचें पहिलें तिकीट, काळ्या रंगाचें, निघालें. त्या खटपटींत हिलसाहेबांस साहाय्य करणाऱ्यांत हेन्री कोल नांवाचे एक उद्योगी गृहस्थ होते. १८४३ च्या नाताळांत इष्टमित्रांस स्वतंत्र पत्रें लिहीत बसण्याऐवजीं त्यांनीं जॉन कॉलकॉट हॉर्सली ह्या चित्रकाराकडून एक कार्ड काढवून घेतलें. मध्यभागीं पेले हातीं घेतलेलें एक कुटुंब. दोन्ही बाजूंस भुकेल्यांस अन्न आणि उघड्यांस वस्त्र देण्याचे प्रसंग. तें शिळेवर छापून मग हातानें रंगविलेलें होतें, म्हणजे अर्धें हातचेंच म्हणावयाचें. किंमत एक शिलिंग. शिलिंगाचे बारा पेनी होत. तेव्हां कार्ड त्यावरील तिकिटाच्या बारापट महाग! मधल्या चित्रांत एका लहान मुलासहि पेल्यांतून घोट दिला जात असल्याचें दिसे, त्यावरून मद्यपाननिषेधाच्या पुरस्कर्त्यांनीं बरीच ओरड केली. नाताळच्या पहिल्याच कार्डावर वाद झाला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. पुढें तिकिटांवरहि तेंच व्हावयाचें होतें. १८७० पासून उघड्या लिफाफ्यांतील कार्डास अर्ध्या पेनीचें तिकीट पुरूं लागलें, रंगीत छपाई स्वस्त झाली, आणि मध्यम स्थितींतील घरोघर हा रिवाज पोंचला.

तिकिटावर नाताळ दिसावयास मात्र पुष्कळ काळ जावा लागला. संग्राहक लोक ज्याला नाताळचें पहिलें तिकीट म्हणतात तें कॅनडाचें, १८९८ सालचें, दोन सेंटांचें. त्या वर्षीं २५ डिसेंबरपासून ब्रिटिश साम्राज्याच्या पुष्कळ भागांत एका पेनींत पत्र जाऊं लागलें, त्याच्या स्मरणार्थ हें तिकीट निघालें. त्यावर जगाचा नकाशा आहे. साम्राज्याचे मुलूख तांबड्या रंगानें दाखविले आहेत, त्यांत हिंदुस्थानहि तांबडाच. आणि खालीं बारीक अक्षरांत नाताळचें नांव व साल. त्याविषयीं एक दंतकथा सांगतात. हें तिकीट राजपुत्राच्या सन्मानार्थ काढावें असें कोणा अधिकाऱ्यानें राणी व्हिक्टोरियापुढें सुचविलें. आपल्याला डावलून युवराजाचा सन्मान व्हावा हें तिला रुचलें नाहीं, आणि कोणता राजपुत्र, असें तिनें कठोर स्वरांत विचारलें. अधिकारी चतुर होता. शांतीचा राजपुत्र, म्हणजे ख्रिस्त, असें उत्तर देऊन तो सुटला. गोष्ट खरी असो वा नसो, चित्राकडे पाहिलें तर त्यांत शांतीपेक्षां मुलूखगिरीच अधिक दिसते. जुन्या तिकिटांची हौस असणारा कोणी सजावटीसाठीं हें तिकीट वा त्याची प्रतिकृति कार्डाच्या दर्शनीं लावूं लागला, तर चित्र कशाचें आहे तें त्यानें आधीं नीट पाहावें.

नाताळच्या पत्रावरील तिकिटाला खरा जिव्हाळा आला तो अशा सरकारी समारंभामुळें नव्हे, तर डेन्मार्कांतील एका टपालनोकराच्या कल्पनेमुळें. एयनार हॉल्बोल हें त्याचें नांव. नाताळच्या दिवसांत पत्रांच्या राशी वर्गवारीसाठीं त्याच्यापुढें येऊन पडत. त्या राशी पाहून त्याच्या मनांत आलें कीं, ह्या प्रत्येक पत्रावर टपालाच्या तिकिटाशिवाय आणखी एक अगदीं अल्प किंमतीचें चित्र लोकांनीं स्वखुषीनें लावलें, तर केवढा पैसा उभा राहील! आणि तो पैसा कोणासाठीं, हेंहि त्याच्या मनाशीं ठरलेलें होतें : क्षयानें पछाडलेल्या गरिबांच्या मुलांसाठीं.

त्या काळीं क्षय म्हणजे काय होतें तें आज लक्षांत आणून द्यावें लागतें. रॉबर्ट कॉख ह्यांनीं १८८२ सालीं क्षयाचा जंतु शोधून काढला होता, परंतु त्यावर चालणारें औषध नव्हतें. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला तो १९४३ सालीं. मधल्या साठ वर्षांत वैद्यांच्या हातीं उपाय इतकेच होते, मोकळी हवा, पूर्ण विश्रांति आणि सकस अन्न. आपल्याकडे पांचगणीस डॉ. रुस्तुमजी बिलिमोरिया ह्यांनीं १९१२ सालीं आरोग्यधाम काढलें, मिरजेस पुढें क्षयरुग्णालय झालें, तें ह्याच विचारानें. हवा फुकट असते. परंतु ती घेण्यासाठीं रुग्णाला महिनोन् महिने घराबाहेर ठेवून खाऊं घालावयाचें म्हणजे पैसा लागतो, आणि ज्या घरांत क्षय शिरे त्या घरांत बहुधा तोच नसे.

हॉल्बोलची कल्पना टपालखात्यानें उचलून धरली. राजे नववे क्रिश्चन ह्यांनीं संमति दिली, आणि पहिल्या चित्रावर त्यांच्या दिवंगत राणीची, लुईझची, मुद्रा आली. १९०४ च्या नाताळांत दोन एअर किंमतीचीं हीं चित्रें टपालकचेऱ्यांतून विकावयास ठेवलीं. एअर म्हणजे आपल्या पै-पैशासारखें त्या देशाचें सर्वांत लहान नाणें. डेन्मार्क हा चिमुकला देश. तरी पहिल्याच वर्षीं चाळीस लाखांहून अधिक चित्रें खपलीं. त्या पैशांतून कोल्डिंग येथें खाडीकांठीं मुलांसाठीं आरोग्यधाम उभें राहिलें, तें १९११ सालीं सुरू झालें. दोन दोन एअर टाकणाऱ्यांपैकीं कितीकांनीं आपलीं कार्डें घरींच केलीं होतीं ह्याची नोंद कोणी ठेवली नाहीं. पण गरीब शेतकऱ्याला आणि राजवाड्यांतील माणसाला जें एकाच किंमतीला घेतां येईल असें त्या सणांत हेंच एक होतें.

ही कल्पना समुद्र ओलांडून अमेरिकेंत गेली ती एका पत्रावर बसूनच. जेकब रीस हे मूळचे डेन्मार्कचे, न्यूयॉर्कमधील गरीब वस्त्यांचें विदारक चित्र जगापुढें मांडणारे पत्रकार. त्यांचे सहा भाऊ क्षयानें गेले होते. मायदेशाहून आलेल्या पत्रावर त्यांना हें अनोळखी चित्र दिसलें. त्याचा अर्थ कळतांच त्यांनीं १९०७ सालीं त्यावर एक लेख लिहिला, आणि तो डेलावेअर संस्थानांतील एमिली बिसेल ह्या बाईंच्या वाचनांत आला. त्यांचे एक आप्त डॉक्टर ब्रँडीवाइन नदीच्या कांठीं क्षयाच्या मोजक्या गरीब रुग्णांसाठीं एक लहानसें रुग्णालय चालवीत होते. आणि तीनशें डॉलर न मिळाले तर तें बंद करावें लागणार होतें. रुग्णालय बंद झालें तर रुग्णांनीं परत जावयाचें तें आपल्या कोंदट खोलींत, मुलाबाळांच्या सान्निध्यांत. तीनशें डॉलरांचा प्रश्न म्हणजे त्या माणसांच्या जिवाचा प्रश्न होता.

बिसेलबाई कांहीं व्यवसायानें चित्रकर्त्री नव्हत्या. त्यांनीं स्वतःच्या हातानें हॉलीच्या कांटेरी पानांचें एक कडें काढलें, त्यांत नाताळचें अभिनंदन लिहिलें, उसने पैसे घेऊन तें तांबड्या शाईंत छापवून घेतलें, आणि ७ डिसेंबर १९०७ रोजीं विल्मिंग्टनच्या टपालकचेरींत एका सेंटास एक ह्याप्रमाणें विक्रीस ठेवलें. आरंभीं खप बेताचाच होता. मग त्या फिलाडेल्फियास एका वृत्तपत्राच्या कचेरींत गेल्या, आणि त्या पत्रानें हा विषय रोजच्या रोज चालविला. मोसम संपला तेव्हां तीनशें डॉलरांच्या ठिकाणीं तीन हजार जमले होते. आपल्या देशांत ट्युबरक्युलोसिस असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९३९ सालीं स्थापन झाली. तिनेंहि १९५० च्या २ ऑक्टोबरपासून अशींच क्षयनिवारक चित्रें विकण्याची मोहीम सुरू केली. नाताळशीं त्यांचा संबंध नाहीं. परंतु पुण्यामुंबईच्या शाळांतून दोन पिढ्यांनीं तीं वह्यांवर चिकटविलेलीं आहेत, त्यांचें मूळ हॉल्बोलच्या मेजावर आहे.

हातानें केलेल्या कार्डावर लावावयास अशा चित्रासारखें योग्य दुसरें कांहीं क्वचितच सांपडेल. मात्र एक सावधगिरी अवश्य पाळली पाहिजे. हें चित्र म्हणजे टपालाचें तिकीट नव्हे. तें लिफाफ्याच्या पाठीमागें, झांपेच्या टोंकावर लावावें. उजव्या कोपऱ्यांत तेंच एकटें लावून पत्र पेटींत टाकणारे लोक पूर्वींहि होते व अजूनहि आहेत. असें पत्र नॉटपेड होतें. आणि सणाच्या दिवशीं शुभेच्छा स्वीकारण्यासाठीं दारांत उभें राहून दंड भरावा लागणें ह्यापरतें विरजण नाहीं.

नॉटपेडची दुसरी वाट हातचें कार्ड करणाऱ्यांच्या विशेष परिचयाची असते. छापील कार्ड पातळ, सपाट आणि ठराविक मापाचें असतें. घरचें कार्ड कधीं फुगीर होतें, त्यावर मणी असतात, फितीची गांठ असते, दालचिनीची काडीसुद्धां असते! ब्रिटनमध्यें २००६ पासून पत्राचा दर वजनाबरोबर आकारावरहि ठरतो : जाडी पांच मिलिमीटरांच्या पुढें गेली कीं तें साधें पत्र राहत नाहीं, मोठ्या पत्राचा दर पडतो. अमेरिकेंत पाव इंचापेक्षां जाड लिफाफा साध्या पत्राच्या दरांत जात नाहीं, आणि चौरस लिफाफ्यास जादा आकार पडतो, कारण पत्रें लावणाऱ्या यंत्राला त्याची उभी-आडवी बाजू उमगत नाहीं. कार्ड चौरस करण्याचा मोह फार होतो, आणि तें दिसतेंहि सुरेख. करावयाचें तर खुशाल करावें, पण एक तयार होतांच तें टपालकचेरींत नेऊन मोजून घ्यावें, आणि मग उरलेलीं एकोणतीस करावयास बसावें. पुष्कळांच्या घरीं हा क्रम उलटा असतो.

रंगाचा विचारहि येथेंच करून टाकलेला बरा. तपकिरी किंवा करड्या हातकागदाच्या लिफाफ्यावर गडद तांबडें वा निळें तिकीट उठून दिसतें. पांढऱ्याशुभ्र लिफाफ्यावर वाटेल तें चालतें. सोनेरी नक्षीनें भरलेल्या लिफाफ्यावर कोणतेंहि तिकीट हरवतें. तिकिटाभोंवतीं बोटभर जागा कोरी सोडावी, कारण तेथें शिक्का पडावयाचा असतो. हातकागद खरखरीत असल्यानें त्यावर तिकीट नीट धरत नाहीं. कडा पुन्हां दाबून पाहाव्या. राहतां राहिला प्रश्न जुन्या वर्षांच्या न वापरलेल्या तिकिटांचा. अमेरिकेंत २००७ पासून निघालेलीं ‘फॉरएव्हर’ तिकिटें दर कितीहि वाढला तरी चालतात, त्यामुळें आवडलेलें चित्र सांठवून ठेवतां येतें. ब्रिटनमध्यें राणीच्या मुखवट्याचीं बारकोड नसलेलीं नेहमींचीं तिकिटें २०२३ सालीं बाद झालीं, परंतु बारकोड नसलेलीं जुनीं नाताळचीं सचित्र तिकिटें त्यांतून वगळण्यांत आलीं. खणांत पडून असलेल्या अशा तिकिटांनीं हातच्या कार्डास जी शोभा येते ती ह्या वर्षींच्या नव्या करकरीत तिकिटानें येतेच असें नाहीं.

आतां चित्राकडे वळावयाचें. सरकारनें नाताळचें तिकीट काढावें कीं नाहीं हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाहीं. कारण तिकीट सर्वांचें आणि सण कांहींचा. अमेरिकेंत पहिलें नाताळ-तिकीट १९६२ च्या नोव्हेंबरांत निघालें, चार सेंटांचें. धर्माचा व राज्याचा संबंध येऊं नये म्हणून त्यावर नुसतें दारावरचें पानांचें कडें आणि दोन मेणबत्त्या दाखविल्या होत्या. खात्यानें पस्तीस कोटी प्रती छापून घेतल्या, त्या बघतां बघतां संपल्या, आणि वर्षअखेर एक अब्जांपर्यंत मजल गेली. चारच वर्षांनीं मेमलिंग ह्या जुन्या फ्लेमिश चित्रकाराची मेरी व बाळ तिकिटावर आलीं, तेव्हां आक्षेप आलेच. १९७० पासून तेथें तोडगा असा निघाला कीं, एक चित्र धार्मिक आणि एक सणाच्या थाटाचें, अशीं दोन्ही ठेवावीं व ज्यानें त्यानें आपलें निवडावें. पुढें १९९६ सालीं ज्यूंच्या हानुक्काचें, २००१ सालीं ईदचें आणि २०१६ सालीं दिवाळीचें तिकीट तेथें निघालें. अमेरिकेंत राहणाऱ्या मराठी कुटुंबानें शेजाऱ्यास नाताळचें कार्ड घरीं करून पाठवितांना त्यावर पणतीचें तिकीट लावलें, तर टपालखात्याची हरकत नाहीं. औचित्याची हरकत घेणारे निघतील. परंतु पाहुण्यानें यजमानाच्या सणाला जातांना आपल्या घरचा फराळ नेऊं नये असें कोण म्हणेल?

ब्रिटनने नाताळचें तिकीट काढावयास १९६६ उजाडूं दिलें, आणि काढलें तें मात्र फार निराळ्या रीतीनें. टपालमंत्री टोनी बेन ह्यांच्या कारकीर्दींत ठरलें कीं, हीं चित्रें नामांकित कलावंतांकडून न घेतां शाळेंतील मुलांकडून घ्यावीं. देशभर स्पर्धा झाली. निवड झालेलीं दोन्ही चित्रें सहा सहा वर्षांच्या मुलांचीं निघालीं, आणि दोन्हींत बर्फाचा माणूस! तीन पेनींच्या तिकिटावर मुगुट घातलेला बर्फाचा राजा. दीड शिलिंगाच्या तिकिटावर दुसरा, साधा. दुसरें चित्र जेम्स बेरी नांवाच्या मुलाचें, आणि राजाचें चित्र तसवीर शेमझा ह्या मुलीचें. तिचे वडील अन्वर जलाल शेमझा हे शिमल्यास जन्मलेले, लाहोरला नांवारूपास आलेले आणि पुढें इंग्लंडांत स्टॅफर्ड येथें स्थायिक झालेले चित्रकार. मुलीचें नांव त्यांनीं तसवीर, म्हणजे चित्र, असें ठेवलें, आणि सहाव्या वर्षीं तिच्या चित्रावर राणीचा सोनेरी मुखवटा बसून तें देशांतील घरोघर गेलें. नवलाची गोष्ट अशी कीं, कांहीं ताव छापतांना चित्राखालील बारीक नांवांतील पहिलें आद्याक्षर गळलें. तीं सदोष तिकिटें आज संग्राहक मुद्दाम शोधीत असतात.

कलासमीक्षकांस हीं चित्रें पोरकट वाटलीं असतील. तीं पोरांचींच होतीं. परंतु हातानें केलेल्या कार्डाशीं त्यांचें जें नातें जुळतें तें कोरीव, निर्दोष तिकिटांचें जुळत नाहीं. वांकडा मुगुट, असमान डोळे, कोठें जाड तर कोठें बारीक रेघ, ही सारी भाषा त्या घरच्या मेजावरचीच आहे. ज्या घरांत लहान मुलें कार्डें करतात त्या घरीं अशा तिकिटाचा एखादा नमुना आणून दाखवावा. मोठ्यांनीं मुलांच्या हातांतील कुंचला काढून घेऊन रेघ सुधारण्याचें थांबवावें, एवढा उपयोग तरी होईल.

सर्वांत मोठा वाद झाला तो २००५ सालीं, आणि त्याचा एक धागा मुंबईस व दुसरा गोव्यास पोंचतो. त्या वर्षीं ब्रिटिश टपालसंस्थेनें मेरी व बाळ येशू ह्यांचीं सहा तिकिटें काढलीं. मुद्दाम निरनिराळ्या देशांतील चित्रें निवडलीं, हैतीपासून ऑस्ट्रेलियापर्यंतचीं. त्यांत अडुसष्ट पेन्सांचें तिकीट होतें हिंदुस्थानचें : सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील मोगल शैलीचें एक चित्र, ज्यांत कपाळीं वैष्णवी टिळा असलेला पुरुष आणि कुंकू लावलेली स्त्री हीं बाळ येशूपुढें नम्र झालेलीं आहेत. मूळ चित्र मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत आहे, ज्यास पूर्वीं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणत.

ब्रिटनमधील एका हिंदु संघटनेनें त्यास कडाडून हरकत घेतली. हिंदु दिसणारें जोडपें ख्रिस्ताची पूजा करीत आहे असें चित्र सरकारी तिकिटावर यावें ह्याचा अर्थ धर्मांतराचा पुरस्कार असा कोणीहि घेईल, असें तिचें म्हणणें होतें. ते म्हणणें केवळ उडवून लावण्यासारखें नाहीं. चित्र जेव्हां संग्रहालयाच्या भिंतीवर असतें तेव्हां त्याच्या शेजारीं त्याचा काळ व त्याची हकीकत लिहिलेली असते. बोटभर तिकिटावर तिला जागा नसते, आणि परक्या देशांत अल्पसंख्य म्हणून राहणाऱ्या माणसाचें मन अशा वेळीं लवकर दुखावतें. उलट बाजूहि तितकीच खरी आहे. १५८० सालीं गोव्याहून जेझुइट पाद्री अकबराच्या बोलावण्यावरून फत्तेपूर शिक्रीस गेले. त्यांनीं अँटवर्प येथें छापलेलें बहुभाषी सचित्र बायबल आणि मेरीचीं चित्रें बादशहास नजर केलीं. अकबरानें व त्याच्यामागून जहांगिरानें आपल्या चित्रकारांकडून तशीं चित्रें हौसेनें करवून घेतलीं. त्या चित्रकारांत हिंदु होते, मुसलमान होते; आणि कोणाच्याहि सांगण्यानें ते ख्रिस्ती झाले नव्हते. परकें चित्र पाहावें, आवडलें तर आपल्या रंगांत काढावें, माणसांस आपल्याकडचीं वस्त्रें व आपल्याकडचे टिळे द्यावे, एवढाच त्यांचा व्यवहार होता.

ह्याच्या अगदीं उलट प्रसंग गोव्याच्याच एका चित्रकारावर गुदरला होता. आंजेलो द फोन्सेका, जन्म १९०२, हे बंगालमध्यें अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस ह्यांच्याजवळ शिकले आणि त्यांनीं मेरीला साडी नेसविली, कुंकू लावलें. गोव्यांतील ख्रिस्ती समाजांतल्या अनेकांस तें मुळींच रुचलें नाहीं. फोन्सेकांनीं पुण्यास ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमांत राहून आपलें काम पुढें चालविलें. एकीकडे ख्रिस्ताजवळ हिंदु दिसले म्हणून राग, दुसरीकडे मेरी हिंदु दिसली म्हणून राग. मधल्यामध्यें कुंचला धरणाऱ्याची मात्र कोंडी. हिंदुस्थानांतील ज्या ख्रिस्ती घरांत आज हातानें कार्डें होतात त्यांना ही अडचण परकी नाहीं. आजीच्या लुगड्यांतील मेरी काढावी कीं निळ्या झग्यांतील, हा प्रश्न तेथें दर वर्षीं नव्यानें सोडविला जातो.

टपालसंस्थेनें २००५ च्या त्या वादांत मधला मार्ग काढला. कोणाचें मन दुखविण्याचा हेतु नव्हता असें सांगून तिनें दिलगिरी दर्शविली. तिकीट मागें घेतलें नाहीं, परंतु तें खिडकीवर आपण होऊन कोणास देऊं नये, मागणी झाली तरच द्यावें, अशी सूचना कचेऱ्यांस गेली. अडुसष्ट पेन्सांचें तें तिकीट दूरदेशीं जाणाऱ्या विमानटपालाचें. त्यामुळें त्या नाताळांत आपण केलेलें कार्ड लंडनहून मुंबईस धाडूं पाहणाऱ्याला मुंबईच्याच संग्रहांतील चित्राचें तिकीट लावावयाचें असलें, तर खिडकीशीं उभें राहून तें नांव घेऊन मागून घ्यावें लागलें.